शंभर गोवऱ्यांचा केक

मनुष्यजातीची सगळी प्रगती दोनच गोष्टींवर उभी आहे: अग्नी आणि धीर. ज्याला आगीसमोर शांत बसता येतं, तो जगातला कोणताही पदार्थ भाजू शकतो. आणि ज्याने चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्याच्याइतका शांत बसण्याचा सराव या भूतलावर दुसऱ्या कोणालाही नाही. हे विधान मी आमच्या अनसिंगच्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, एक हात कमरेवर ठेवून केलं. माझ्या बायकोने, रुख्मिणीने, ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गॅसचं बटन कोनत्या बाजूनं फिरते, थे सांगा पह्यले."

मी उजवी बाजू सांगितली. आमच्या शेगडीचं बटण डावीकडे फिरतं. पण ही तपशिलाची बाब झाली.

मुद्दा असा होता की रुख्मिणीला साठ वर्षं पूर्ण होत होती. शाळेच्या दाखल्यावर तिची जन्मतारीख एक जुलै आहे, जशी ती आमच्या पिढीतल्या अर्ध्या तालुक्याची आहे. त्या काळचे गुरुजी एक जुलैला सगळ्यांना एकदम जन्माला घालून मोकळे होत. खरी तारीख तिच्या आईने सांगितलेली. आंबिया बहाराची संत्री तोडणं चालू होतं, मार्गशीर्ष लागला होता आणि त्या महिन्यातला पहिला मंगळवार होता. म्हणून आम्ही मार्गशीर्षातला पहिला मंगळवार धरतो. ही तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे ती विसरल्याचा आरोप माझ्यावर सिद्ध करता येत नाही.

यंदा मात्र मी पंधरा दिवस आधीच विचारलं, "तुले काय पाह्यजे?" मनात मी अकोल्याच्या दुकानातली एक साडी ठरवूनही ठेवली होती.

ती म्हणाली, "मले एक दिवस आयतं पाह्यजे."

मी हसलो. ती हसली नाही. मग मी मागच्या वर्षांचा आढावा घेतला तेव्हा माझंही हसू ओसरलं. लोकांच्या लग्नात ती जाते आणि दहा मिनिटांत तिच्या हातात वाढायचं पातेलं असतं. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, हाताला सलाईन लावलेली ती, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेला शिरा का बिघडतो, ते समजावून सांगत होती. कोणी केलेलं ताट समोर आलं आणि ती नुसती बसून जेवली, असा प्रसंग मला आठवेना.

"अन् आयतं म्हंजे इकत नाई," ती म्हणाली. "कोनं तरी आपल्या हातानं केलं पाह्यजे. मी सकाळपासून खुर्चीवर बसीन. चुलीजवळ जानार नाई. एक दिवस. जमते काय?"

"जमते," मी म्हणालो. नोकरीतही मी कोणाला 'जमत नाही' असं तोंडी कधी सांगितलं नव्हतं. ते मी नेहमी लेखी कळवत असे.

पदार्थ ठरवायला वेळ लागला नाही. दिवस संत्र्यांचे होते. आमची मुलगी योगिनी पुण्याला असते. तिने फोनवर संत्र्याचा केक सांगितला. मार्गशीर्षात आमच्या घरी अंडं येत नाही, म्हणून रवा, दही, साखर, तेल, संत्र्याचा रस आणि संत्र्याची किसलेली साल. "बाबा, एकदम सोपं आहे," ती म्हणाली, "माकडालासुद्धा जमेल." हे तिने कोणाला उद्देशून म्हटलं ते मी विचारलं नाही.

पहिली चूक मी आठवडी बाजारात केली. मी सहा संत्री विकत घेतली.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण आमच्याकडे या दिवसांत संत्रं विकत घेणं म्हणजे गावात आपलं कोणाशीही बोलणं उरलेलं नाही, असं जाहीर करणं. ज्याच्या त्याच्या ओळखीत बगीचा असतो, आणि बगीचेवाला ज्याच्या त्याच्या घरी पिशवी पोचवतो. मी पिशवी घेऊन घरी आलो, आणि माझ्या मागोमाग उकंडराव आले. उकंडराव माझे बालमित्र, पण माझ्या नोकरीमुळे सगळ्या गावासारखे तेही मला बडेबाबूच म्हणतात. त्यांनी चप्पलही काढली नाही.

"बडेबाबू, माह्याकडून काही चुकलं काय?"

"काहून?"

"तीनशे झाडं हायेत माही. अन् तुमी बाजारातून सहा संत्रे आनले. सहा! लोकं मले इचारून राह्यले, तुमचं अन् बडेबाबूचं कशावरून वाजलं म्हून."

मी क्षमा मागितली. संध्याकाळी त्यांचा एक कॅरेट आला. ते कळल्यावर त्यांच्या चुलतभावाने त्याहून मोठी फळं असलेला दुसरा कॅरेट पाठवला, आणि ते पाहून उकंडरावांनी तिसरा. ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मग ही संत्री शिजवायची आहेत, असं मी सांगितलं, तेव्हा उकंडरावांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. वासरू कुकरमध्ये घालणार आहे असं मी म्हणालो असतो तरी त्यांचा चेहरा याहून वेगळा झाला नसता.

"संत्रं गरम करते काय कोनी?" ते म्हणाले. "सोलायचं अन् खायचं. देवानं पुड्या बांधून देल्ल्या आतमंदी."

ही बातमी पसरल्यावर सल्ले येऊ लागले. एकाने रव्याऐवजी ज्वारीचं पीठ सुचवलं. एकाने सांगितलं की संत्रं आणि दही एकत्र आलं की पोटात काय होतं ते त्याच्या मेव्हण्याला विचारा. मेव्हणा आठ वर्षांपूर्वी वारला होता. मी सगळे सल्ले नम्रपणे ऐकले आणि मनातल्या मनात निकाली काढले.

मंगळवार उजाडला. ओसरीवर मी प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, तिच्यावर दोन उशा ठेवल्या आणि नवी साडी नेसलेल्या रुख्मिणीला तिथे बसवलं. ती हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला आल्यासारखी ताठ बसली. हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. दर पाच मिनिटांनी ती पदराने खुर्चीचा हात पुसत होती. मी सकाळी पोहे केले. त्यांना दीड तास लागला. ते कसे झाले हा या कथेचा विषय नाही.

केकसाठी विजेची भट्टी आणि साचा धम्मदीपाकडे होता. धम्मदीपा आमच्या समोर राहते, आरोग्य उपकेंद्रात सिस्टर आहे, आणि आम्हाला काका-काकू म्हणते. भट्टी उकंडरावांनी उचलून आणली. साचा मी आणला. भांडं घेऊन रस्ता ओलांडताना लोकांनी पाहावं, हे माझ्या पदाला शोभलं नसतं, म्हणून मी तो टॉवेलात गुंडाळला. शेजारच्या धुरपताबाई दारात बसून तूर निवडत होत्या. त्यांची नजर सत्तरीतही घारीची आहे.

"काय आनलं बडेबाबू, सिस्टरच्या घरून?"

"काही नाही. एक जरुरीची वस्तू."

त्याच क्षणी टॉवेल सरकला. साचा गोल होता, आणि त्याच्या मधोमध भोक होतं, जसं अशा केकच्या साच्याला असतं. धुरपताबाईंनी तो पाहिला, मग मला पाहिलं, विशेषतः कमरेखाली, आणि अत्यंत कनवाळूपणे म्हणाल्या, "हं."

त्या 'हं'चा अर्थ मला चार तासांनी कळला.

साल किसताना पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, कडू होतं, असं योगिनीने बजावलं होतं. पांढरा मी येऊ दिला नाही. थोडा लाल आला, पण तो माझ्या अंगठ्याचा होता आणि धम्मदीपाने लगेच पट्टी बांधली. मग सगळं एकत्र केलं, खायचा सोडा घातला आणि भट्टी चालू केली. योगिनी फोनवरून म्हणाली, केक ठेवण्याआधी भट्टी वीस मिनिटं रिकामीच तापवायची. काम सुरू करण्याआधी वीस मिनिटं नुसतं तापत बसायचं, ही पद्धत माझ्या पूर्ण परिचयाची होती. नोकरीत माझे एक साहेब होते, ते तर दुपारपर्यंत तापत.

चौथ्या मिनिटाला 'फट्' असा आवाज आला आणि भट्टी गेली. पंखा गेला. धुरपताबाईंच्या घरातलं भजन गेलं. मग गल्लीच्या टोकापर्यंत एकामागून एक माणसं बाहेर येऊन वर पाहू लागली.

"डीपीवरचा डीओ उडाला," उकंडराव समाधानाने म्हणाले. डीओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा फ्यूज; आपल्याकडे वीज गेली की प्रत्येक जण हे वाक्य म्हणतो, आणि दर वेळी ते खरं निघतं.

लाइनमन भाऊसिंग आला. त्याने डीपीकडे पाहिलं नाही. तो सरळ आमच्या घरात शिरला, भट्टीकडे पाहिलं, मग मीटरकडे, मग माझ्याकडे.

"बडेबाबू, तुमचा मंजूर भार किती हाय माहीत हाय का?"

"किती?"

"अर्धा किलोवॅट. अन् ही भट्टी हाय दोनाची. भार वाढून घ्या लागन. अर्ज, आधार, घराचा नमुना आठ, अन् जुन्या अर्जाची पोच."

"जुना अर्ज कोणी केला होता?"

"तुमीच. सही हाय तुमची."

"किती दिवस लागतील?"

"पंधरा दिवसांत होऊन जाईन," भाऊसिंग म्हणाला. त्याच्या बोलण्यातली ती चाल, 'होऊन जाईन'वरचा तो हलका, आश्वासक भार, मी कुठेतरी ऐकला होता. नंतर लक्षात आलं की तो माझाच होता. चौतीस वर्षं मी खिडकीच्या आत बसून हेच वाक्य याच चालीत म्हटलं होतं. बाहेरून ते इतकं वेगळं ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती.

सोडा घातलेला केक फार वेळ थांबणार नव्हता. गॅसवर कढईत करता आला असता, पण सिलिंडर मी पोह्यांनी संपवलं होतं, आणि दुसरं भरून आणायचं काम मागच्या आठवड्यापासून माझ्याकडेच होतं.

ओसरीवरून रुख्मिणीचा आवाज आला, "मी येऊ काय?"

"नाही!" मी, धम्मदीपा आणि उकंडराव एकदम ओरडलो. खुर्ची कुरकुरली आणि पुन्हा शांत झाली. पण ती अर्धी उठली होती, हे मला आवाजावरून कळलं. आज ही खुर्चीतून उठली तर पुढची साठ वर्षं मला तोंड वर करता येणार नाही, हेही कळलं.

"देवमनले बोलावतो," उकंडराव म्हणाले.

देवमन आमच्या पंचक्रोशीतले रोडग्यांचे कारागीर. कोणाचा नवस फिटला, कोणी भंडारा घातला, की परसात गोवऱ्या रचून त्यांचा जगरा पेटवायचा, त्याच्या निखाऱ्यांत कणकेचे मुठीएवढे गोळे भाजायचे, हे काम त्यांचं. पन्नास वर्षांत त्यांचा एक रोडगा जळला नाही की कच्चा निघाला नाही. ते आले, बिडी पेटवली आणि विचारलं, "किती लोकायचं हाय?"

"दोघांचं."

"दोनशे?"

"दोघांचं. हा एवढा डबा भाजायचा."

देवमननी साच्याकडे पाहिलं. भोकातून पलीकडेही पाहिलं. "एका डब्यासाठी जगरा?"

"लहानसा करा. पाच-सहा गोवऱ्यांचा."

"शंभराच्या खाली जगरा धरत नाई," ते म्हणाले. "वरून गरम अन् खालून थंड, असलं काम आपल्याच्यानं होनार नाई. माही इज्जत जाईन."

त्या घरात त्या वेळी फक्त एकाच माणसाची इज्जत शिल्लक होती, म्हणून आम्ही ती जपायचं ठरवलं. धुरपताबाईंनी उत्साहाने स्वतःच्या उडवीतल्या गोवऱ्या दिल्या. इतक्या उत्साहाने का, असा प्रश्न मला पडायला हवा होता.

योगिनी अजून फोनवर होती. तिने देवमनना सांगितलं, "काका, एकशे ऐंशी डिग्री पाहिजे."

"एकशे ऐंशी काय?"

"डिग्री. अंश. उष्णतेचे."

"बाई, जगऱ्याले अंश नसतात," देवमन फोनला तोंड लावून म्हणाले. "कच्चं, झालं, अन् जळलं. तीनच असतात."

सोड्याचा पहिला डोस तोवर वाया गेला होता. दुसरा शेवटच्या क्षणी धम्मदीपाने घालायचा, असं ठरलं. गोवऱ्या पेटल्या आणि धूर निघाला.

आता धुराबद्दल सांगायला हवं. अनसिंगमध्ये दुपारी एखाद्या परसातून असा जाड, पांढरा, सरळ वर जाणारा धूर निघाला की त्याचा एकच अर्थ होतो: इथे नवस फेडला जातोय आणि रोडगे आहेत. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. या जेवणाला आमंत्रण नसतं. धूर हेच आमंत्रण. यजमानाने 'का आलात' विचारायचं नाही आणि आलेल्याने सांगायचं नाही. या गावात जन्म काढून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात रोडगे नव्हते, केक होता. धुराला हा फरक कळत नाही.

पहिले चार जण आले तेव्हा मला वाटलं, डीओचं विचारायला आले. मग लक्षात आलं की त्यांच्या हातात ताटं आहेत. एकाने वांगी आणली होती. अर्ध्या तासात परसात तीस माणसं होती, तासाभरात साठ. आणि येणारा प्रत्येक जण माझा हात हातात घेऊन, आवाज खाली आणून, एकच प्रश्न विचारत होता.

"आता बसता येते न?"

"म्हणजे?"

"लय तरास असते बापा त्याचा. माह्या साळ्याले होता. झालं न मोकळं?"

तिसऱ्या माणसाला मी खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. धुरपताबाईंनी साखळी जोडली होती: बडेबाबू सिस्टरच्या घरून टॉवेलात झाकून गोल, भोकाची बैठक आणतात, तीन कॅरेट संत्री, म्हणजे पोट साफ राहावं म्हणून, आणि आता नवसाचे रोडगे. बडेबाबूंची मूळव्याध बरी झाली होती.

मी धम्मदीपाकडे धावलो. "अगं, यांना सांग की मला असलं काही नाही! तुझं ऐकतील."

ती गंभीरपणे लोकांकडे वळली. नोकरीची सवय. "पेशंटची माहिती मी कोनाले सांगत नसते," ती म्हणाली.

गर्दीतून सहानुभूतीचा एक लांब हुंकार आला. त्यानंतर मी काहीही बोललो असतो तरी उपयोग नव्हता.

पण माझी अब्रू ही त्या वेळी दुय्यम बाब होती. मुख्य बाब ओसरीवर होती. जगरा वाया जाऊ द्यायचा नाही म्हणून देवमननी उकंडरावांना चक्कीवर पिटाळून मणभर जाड कणीक मागवली होती; पण साठ लोकांचं वरण कोण करणार? वांगी कोण चिरणार? आलेल्या बायका सवयीप्रमाणे पदर खोचून आमच्या स्वयंपाकघराकडे निघाल्या, आणि त्यांच्या मागे, खुर्चीतून उठून, रुख्मिणी.

"रुख्मिणी, बस!"

"अवो, घरी पंगत बसून राह्यली अन् मी खुर्चीवर? लोकं काय म्हनतीन?" तिचा चेहरा रडवेला झाला होता. "जाऊ द्या. राहू द्या आपलं आयतं. पुढच्या साली पाहू."

हे 'पुढच्या साली पाहू' ती गेली पस्तीस वर्षं म्हणत आली होती. मी तिच्या वाटेत आडवा उभा राहिलो. तेवढ्यात धम्मदीपा मधे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आज काकूले उठाची मनाई हाय!"

सगळ्या बायका थांबल्या. "काहून?"

"मी सिस्टर हाय न? मी सांगून राह्यली. संध्याकाळलोक खुर्चीतून हलाचं नाई."

धुरपताबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, उशांकडे पाहिलं, परसात बिड्या फुंकत बसलेल्या पुरुषांकडे पाहिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "बाई, मंग मले बी मनाई कर न."

"तुमाले काय होते?"

"मले काय नाई होत? सकाळपासून मान धरली हाय."

"बरं. तुमाले बी मनाई."

त्यानंतर ओसरीवर रांग लागली. कोणाचे गुडघे, कोणाची कंबर, कोणाला नुसतंच कसंतरी होत होतं. धम्मदीपाने एकीला नकार दिला नाही. दहा मिनिटांत सतरंज्या अंथरल्या गेल्या, गावातल्या वीस बायका भिंतीला पाठ टेकून बसल्या, तिन्ही कॅरेट मधे ओढून संत्री सोलू लागल्या आणि ओसरीवरून असा हसण्याचा आवाज येऊ लागला, जो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. रुख्मिणी पुन्हा खुर्चीत बसली होती. या वेळी मागे टेकून.

परसात मात्र शोककळा पसरली. चाळीस पुरुष एका पातेल्याभोवती उभे होते. उकंडराव वांगी चिरत होते, म्हणजे वांग्यांशी झुंजत होते. भाऊसिंग, जो डीओ बसवायला थांबला होता, त्याला वरणावर नेमलं. मी तिखट-मीठ सांभाळत होतो.

"काकू," भाऊसिंगने परसातून हाळी दिली, "एवढ्या वरनाले मीठ किती टाकाचं?"

ओसरीवरून रुख्मिणीचा गोड आवाज आला, "अंदाजानं!"

आणि वीस बायकांनी एका सुरात म्हटलं, "अंदाजानं!"

आयुष्यभर कच्चं-पक्कं, खारट-अळणी यावर शेरे मारणारे चाळीस पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. अंदाज कोणाकडेच नव्हता. मीठ तीनदा पडलं, तेही तीन वेगवेगळ्या माणसांच्या अंदाजाने.

केकचं काम देवमननी स्वतःकडे ठेवलं होतं. साचा लोखंडी कढईत, त्यावर दुसरी कढई उपडी, सांधे ओल्या कणकेने लिंपलेले, खाली निखारे, वर निखारे. "दोन बिड्या," त्यांनी वेळ सांगितली. दुसरी बिडी विझली तशी त्यांनी वरची कढई काठीने उचलली. आणि खरं सांगतो, धूर, राख, वांगी, चाळीस पुरुष, या सगळ्यांतून संत्र्याचा असा वास सुटला की ओसरीवरचं बोलणंसुद्धा थांबलं. केक फुगला होता. एका बाजूला जरा काळा, एका बाजूला जरा कललेला, पण फुगला होता. उकंडराव पुढे झाले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "माह्याच झाडाचा हाय." चुलतभाऊ मागून काहीतरी पुटपुटला.

मी सुरी आणि ताट घेऊन पुढे झालो. देवमननी माझा हात धरला.

"पह्यले परसाद."

"हो, पण हा केक..."

"जगऱ्यातून पह्यले जे निंगते थे परसाद. देवाले, मंग गाईले, मंग सगळ्यायले सारखं. घरच्या लोकायले शेवटी."

मी परसाकडे आणि ओसरीकडे पाहिलं. साठ माणसं. मी केककडे पाहिलं. तो वीतभर होता. साठांचे साठ तुकडे म्हणजे प्रत्येकाला चिमूटभर, आणि घरच्यांना साचा धुवायला. ओसरीच्या कोपऱ्यातून रुख्मिणी पाहत होती. तिने नुसती पदराची घडी सारखी केली, जशी ती लोकांच्या लग्नात, सगळ्यांचं वाढून झाल्यावर, पातेल्यात काय उरलंय ते पाहताना करते.

"देवमन," मी म्हणालो, "पहिला तुकडा हिला जाईल."

"नवसाच्या कामात असं चालत नाई बडेबाबू. नवसात तसं बोललं असन तं गोष्ट येगळी. बोलले होते काय?"

साठ माणसं माझ्याकडे पाहत होती. मला कोणताही नवस नव्हता आणि कोणतीही व्याधी नव्हती. हे सांगण्याची ती शेवटची संधी होती.

मी घसा साफ केला. कचेरीत निवडणुकीचा निकाल वाचून दाखवायचो त्या आवाजात मी म्हणालो, "होय. माझी मूळव्याध बरी झाली तर जगऱ्यातला पहिला घास मी माझ्या हाताने हिला देईन, असं मी बोललो होतो. आणि ती बरी झाली आहे. पूर्ण बरी झाली आहे."

"मी सकाळीच ओळखलं होतं," धुरपताबाई म्हणाल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. देवमननी हात सोडला. "मंग ठीक हाय," ते म्हणाले, "मंग देवाचं बी काही म्हननं नाई."

मी चांगला चार बोटं रुंद तुकडा कापला, ताटात ठेवला आणि गर्दीतून वाट काढत ओसरीवर गेलो. उरलेला केक देवमननी हाताने कुस्करून वाटला. धुरपताबाईंच्या गाईने तिचा वाटा जिभेने पुसून खाल्ला. उकंडरावांनी त्यांचा वाटा ताटात घेऊन त्यावर पळीभर वरण ओतलं, कालवला आणि जाहीर केलं की आता कुठे लागतोय.

रुख्मिणीने ताट मांडीवर घेतलं. वीस बायका तिच्याभोवती सरकल्या. मागून पुरुषही आले. तिने घास घेतला. सावकाश चावला. मग तोंडातून एक बी काढून ताटाच्या कडेला ठेवली. दुसरा घास घेतला, दुसरी बी. योगिनीने सालीबद्दल सांगितलं होतं, रसाबद्दल सांगितलं होतं. बियांबद्दल काही सांगितलं नव्हतं. माकडाला ते माहीत असावं, असं तिने धरलं असेल. तिसरी, चौथी, पाचवी. कडेला बियांची रांग लागली. पण तिने तुकडा संपवला. बोटाने ताटातला भुगाही टिपून खाल्ला.

"कसा झाला काकू?" भाऊसिंगने विचारलं.

"यायनं केला," ती सगळ्यांना म्हणाली, "चांगला झाला." तिचे डोळे चमकत होते, धूर फार होता.

मी खुर्चीशेजारी ओणवा झालो. पस्तीस वर्षांचा सगळा हिशेब एका तुकड्यात फिटला, अशा अर्थाचं एखादं वाक्य ती आता बोलणार, असं मला वाटलं. तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हळूच म्हणाली,

"एक संत्रं सोलून देता काय? बिया काढून. अन् पह्यले हात धुवा, गोवरीचा वास येऊन राह्यला."